बेल फीचर्स आणि कॅनडाची युद्धकाळातली 'पांढरी' कॉमिक्स: मसुदा तपासून हवा आहे

मुद्रितशोधक

मंडळी, एका दिवाळी अंकासाठी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या कॅनडाच्या कॉमिक्सवर आठ पानी लेख तयार होतो आहे. भर टोरांटोच्या बेल फीचर्स या प्रकाशनसंस्थेवर आहे. मसुद्यातली ही चार वाक्यं ठोकून बघायची आहेत:

"युद्धात कागदाची टंचाई झाली, म्हणून अमेरिकन कॉमिक्स कॅनडात येईनाशी झाली."

"कागद आणि शाई वाचवण्यासाठी आतली पानं कृष्णधवल ठेवली."

"बेलची नेलव्हाना ही जगातली पहिली सुपरहिरॉइन."

"युद्ध संपलं, बंदी उठली आणि हा सगळा खेळ आटोपला."

शिवाय सोबत चार-पाच चित्रं छापायची आहेत. जुन्या अंकांचे स्कॅन कुठे मिळतील आणि छापताना काय बिघडतं, तेही सांगा.

विनिमयदर

पहिलं वाक्य काढून टाका. कागदाचा मुद्दा होता, पण बंदीचं कारण तो नव्हता. कारण होतं अमेरिकन डॉलर.

युद्धाआधी कॅनडाचा हिशोब असा चाले: ब्रिटनला माल विकायचा, पौंड मिळवायचे, ते पौंड बदलून डॉलर घ्यायचे आणि त्यातून अमेरिकेची देणी भागवायची. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि पौंडाचे डॉलर होणं बंद झालं. त्याच सुमाराला विमानांचे सुटे भाग, यंत्रं, पोलाद यांसाठी अमेरिकेकडची खरेदी भराभर वाढली. तिजोरीतले डॉलर आटायला लागले. म्हणून पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांच्या सरकारने डिसेंबर १९४० मध्ये 'वॉर एक्स्चेंज कॉन्झर्वेशन ॲक्ट' आणला. अर्थमंत्री होते जे. एल. इल्स्ली. ज्या वस्तूंवाचून अडत नाही त्यांची आयात बंद, असं कायद्याचं सूत्र होतं आणि त्या यादीत कथा-कादंबऱ्यांच्या स्वस्त मासिकांबरोबर कॉमिक्सची पुस्तकंही गेली.

लेखात दोन गोष्टी आवर्जून घाला. पहिली म्हणजे वर्तमानपत्रांतल्या अमेरिकन चित्रपट्टया चालूच होत्या. म्हणजे अमेरिकन नायक कॅनडाच्या पोरांच्या नजरेआड झाले नव्हते, फक्त दहा सेंटांचं रंगीत पुस्तक दुकानातून गेलं होतं. सरकारला अमेरिकन संस्कृतीपासून मुलांना वाचवायचं होतं वगैरे भाषा काही लेखांत सापडते, ती नंतर चिकटवलेली आहे. दुसरी गोष्ट, एप्रिल १९४१ मध्ये अमेरिकेशी हाइड पार्क करार झाला आणि डॉलरची चणचण बरीच सैल झाली, तरी कॉमिक्सवरची बंदी उठली नाही. आयात बंद करायला एक सही पुरते. ती उठवायला मात्र कुणीतरी मागे लागावं लागतं, आणि दहा सेंटांच्या पुस्तकासाठी कोण मागे लागणार?

कायद्याने कुणालाही 'स्वदेशी कॉमिक्स काढा' असं सांगितलं नव्हतं. दुकानातला मोकळा रॅक तेवढा मिळाला. तो भरायला चौघं धावले: व्हँकुव्हरची मेपल लीफ पब्लिशिंग, टोरांटोची अँग्लो-अमेरिकन, टोरांटोचाच हिलबरो स्टुडिओ आणि बेल. मेपल लीफचं 'बेटर कॉमिक्स' आणि अँग्लो-अमेरिकनचं 'रॉबिन हूड अँड कंपनी' मार्च १९४१ मध्येच बाजारात होतं. म्हणजे कायद्यानंतर तीन-साडेतीन महिन्यांत. बेलचं 'वॉव कॉमिक्स' सप्टेंबर १९४१ चं. तेव्हा 'बेलने सुरुवात केली' असं कुठे लिहिलं असेल तर तेही दुरुस्त करा.

थोडं उशिरा मॉन्ट्रियलचं एज्युकेशनल प्रोजेक्ट्स आलं. त्यांचं 'कॅनेडियन हीरोज' म्हणजे थोरामोठ्यांची चरित्रं चित्रांत. पालक खूश, मुलं जांभया देताहेत, अशातली गत. शेवटी त्यांनाही 'कॅनडा जॅक' नावाचा काल्पनिक नायक आणावाच लागला.

फर्मा_सोळा

दुसऱ्या वाक्याबद्दल. कागद वाचवायला कृष्णधवल, हे तर्कातच बसत नाही. चौरंगी छापा नाहीतर एकरंगी, कागद तेवढाच लागतो. शाईची बचत होते, पण कॉमिक्सच्या खर्चात शाई हा चिल्लर भाग. खरा फरक पडतो प्लेट आणि मशिनच्या वेळेत.

उदाहरणादाखल हिशोब करा. आतली ६४ पानं आहेत आणि एका प्लेटवर १६ पानं बसतात असं धरा. एकरंगी कामाला ४ प्लेटा लागतील. चौरंगीला १६. मशिन एकरंगी असेल तर प्रत्येक ताव प्रत्येक बाजूने चार वेळा मशिनमधून काढायचा, म्हणजे एका तावाला दोनऐवजी आठ फेऱ्या. प्रत्येक रंग बरोबर आधीच्या रंगावर बसायला हवा. न्यूजप्रिंट हवेतली ओल ओढतो आणि फुगतो, सुकला की आकसतो. सकाळी पिवळा छापून दुपारी निळा चढवला तर ताव केसभर वाढलेला असतो आणि रंग सरकतो: लाल ओठ गालावर जातात, अंगरख्याच्या कडेला पांढरी फट दिसते. त्यातून रंगांचं विभाजन हे वेगळंच कसब. अमेरिकेत ही कामं करणारे एंग्रेव्हर (प्लेटा कोरणारे कारागीर) आणि मोठ्या वेब मशिनी (कागदाच्या रिळावर छापणाऱ्या) वर्षानुवर्षं कॉमिक्सवरच चालत होत्या. टोरांटोच्या पाटीवाल्याकडे ते कुठून येणार?

'पाटीवाला' हे हिणवून म्हणत नाही. साय बेल आणि त्यांचे भाऊ जीन बेल यांची मूळ कंपनी 'कमर्शियल साइन्स ऑफ कॅनडा', म्हणजे जाहिरातीच्या पाट्या नि फलक करणारी. एडमंड लेगॉ नावाचा चित्रकार बंदीच्या आधीच कॉमिक्सची कल्पना घेऊन त्यांच्याकडे गेला होता. तेव्हा ती बाजूला पडली. बंदी आली आणि तीच कल्पना धंद्याची ठरली. 'वॉव'चे सुरुवातीचे अंक त्यांनी रंगीत काढून पाहिले आणि मग आतली पानं एकरंगी केली. जॉन एझ्रिन यांनी भांडवल घातल्यावर १९४२ मध्ये कंपनीचं नाव बेल फीचर्स अँड पब्लिशिंग झालं.

तेव्हा तुमचं वाक्य असं करा: मुखपृष्ठ रंगीत, आत काळी शाई, कारण रंगीत आतल्या पानांचा खर्च आणि वेळ दहा सेंटांत बसेना. 'कॅनेडियन व्हाइट्स' हे नाव संग्राहकांनी मागाहून दिलं, ते या आतल्या पानांवरून. 'पांढरी कॉमिक्स' असं नुसतंच लिहिलं तर वाचकाला मुखपृष्ठ पांढरं वाटेल, एकदा खुलासा करा.

एकरंगी छपाईमुळे चित्रकाराला जो बदल करावा लागला तो लेखात दाखवण्यासारखा आहे. रंगीत पानात रेषा बारीक चालते, कारण आकार वेगळे करायचं काम रंग करतो. कृष्णधवलात तीच रेषा ठेवली तर माणूस मागच्या भिंतीत विरघळतो. मग दोनच उपाय: एकतर मागे सपाट काळा भरायचा, नाहीतर जाळीच्या रेघा मारून करडा भास आणायचा. जाळी फार दाट झाली की न्यूजप्रिंटवर शाई पसरते, रेघांमधली फट बुजते आणि जिथे करडं हवं तिथे काळा डबका होतो. बेलच्या अंकांत कच्च्या हाताची पानं यावरूनच लगेच कळतात. नेलव्हाना काढणाऱ्या एड्रियन डिंगलची पानं मात्र बघा: मोठा काळा, मोठा पांढरा, मधे थोडकीच जाळी. उत्तर ध्रुवावरची गोष्ट असल्याने बर्फाचा कोरा कागद त्याला फुकटात मिळाला हेही खरं, पण त्याचा वापर करायला नजर लागते.

उत्तररेषा

नेलव्हानाबद्दलचं वाक्य असं छापलं तर पत्रांचा पाऊस पडेल.

'ट्रायम्फ-ॲडव्हेंचर कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात, ऑगस्ट १९४१ मध्ये ती आली. वंडर वुमन आली 'ऑल स्टार कॉमिक्स' क्रमांक ८ मध्ये, त्यावर डिसेंबर १९४१-जानेवारी १९४२ अशी तारीख आहे. म्हणजे नेलव्हाना वंडर वुमनच्या आधीची, हे पक्कं. पण 'जगातली पहिली' नव्हे. फ्लेचर हँक्सची फँटोमा १९४० मधली आहे आणि टार्पे मिल्सची मिस फ्युरी एप्रिल १९४१ पासून वर्तमानपत्रांत येत होती. 'कॅनडाची पहिली सुपरहिरॉइन' एवढं म्हणा, ते टिकेल.

दुसरी दुरुस्ती: ती मुळात बेलची नव्हे. 'ट्रायम्फ-ॲडव्हेंचर'चे पहिले सहा अंक डिंगलच्या हिलबरो स्टुडिओचे. सातव्या अंकापासून नाव नुसतं 'ट्रायम्फ कॉमिक्स' झालं आणि प्रकाशक बेल. डिंगल स्वतः बेलचा कला-दिग्दर्शक झाला आणि बरीच मुखपृष्ठंही त्यानेच केली. तुम्ही पहिल्या सहांपैकी एखादं मुखपृष्ठ छापून खाली 'बेल फीचर्स' लिहिलंत तर ती चूक ठरेल.

तिच्या जन्माची हकीकत अशी: 'ग्रुप ऑफ सेव्हन' या प्रसिद्ध चित्रकार मंडळींपैकी फ्रांझ जॉन्स्टन उत्तरेत फिरून आला होता. तिथे ऐकलेल्या इन्युइट (उत्तरेतले मूळ रहिवासी) दंतकथा त्याने डिंगलला सांगितल्या; त्यातल्याच एका वृद्धेवरून नेलव्हाना बेतली, नावही तिथूनच आलं. डिंगलने त्या वृद्धेला तरुण केलं, आधी फरचे कपडे आणि पुढे आखूड झगा चढवला. कॉमिक्समध्ये तिचा बाप कोलिआक हा उत्तरी प्रकाशाचा देव, आई मर्त्य मानव, भाऊ टानेरो. ध्रुवप्रकाशाच्या किरणांवर ती प्रवास करते आणि त्याच किरणांनी धातू वितळवते. पुढे 'अलाना नॉर्थ' या नावाने माणसांत वावरते.

इथे लेख गोडगोड करू नका. इन्युइट देवतेची मुलगी, पण चेहरेपट्टी हॉलिवूडच्या नटीची. इन्युइट माणसं बहुतेक वेळा मदत मागणारी. जपानी पात्रं तर उघड वंशद्वेषी व्यंगचित्रं आहेत आणि ते त्या काळच्या सगळ्याच प्रकाशकांना लागू आहे. गंमत म्हणजे तिच्या शत्रूंच्या एका टोळीला 'कॅब्लुनेट' म्हटलंय. उत्तरेत 'कॅब्लुना' म्हणजे गोरा माणूस.

जॉनी कॅनकचा उल्लेख दिसला नाही, तो घालाच. 'डाइम कॉमिक्स' क्रमांक १, फेब्रुवारी १९४२. रचणारा लिओ बाखल तेव्हा विशीच्याही आतला. जॉनीकडे कसलीही दैवी शक्ती नाही. तो वैमानिक आहे, ठोसे मारतो आणि थेट हिटलरला भिडतो. नाव मात्र बाखलचं नाही. कॅनडाचं प्रतीक म्हणून जॉनी कॅनक हे पात्र एकोणिसाव्या शतकापासून राजकीय व्यंगचित्रांत होतंच. 'ॲक्टिव्ह कॉमिक्स'मध्ये घोडेस्वार पोलिसाची 'डिक्सन ऑफ द माउंटेड' होती. एका अंकात अशा बऱ्याच गोष्टी, प्रत्येकीला थोडी थोडी पानं आणि शेवटी 'पुढील अंकी'. १९४३ पर्यंत बेलची सगळी पुस्तकं मिळून आठवड्याला एक लाखावर प्रती खपत होत्या. वयाने मोठे चित्रकार सैन्यात जात असल्याने पोरसवदा हात भराभर आत आले. एकाच नायकाचं नाक दोन अंकांत वेगळं दिसतं ते म्हणूनच.

मुद्रितशोधक

फार उपयोगी. एक शंका. चित्रांसाठी शोधताना 'वॉव कॉमिक्स'ची मुखपृष्ठं सापडली, त्यावर मेरी मार्व्हल आहे. ती बेलची समजायची का? आणि 'आयर्न मॅन' मेपल लीफचा होता असं एके ठिकाणी वाचलं, ते चुकून लिहिलंय ना?

उत्तररेषा

मेरी मार्व्हलचं 'वॉव' न्यूयॉर्कच्या फॉसेट कंपनीचं. बेलचं 'वॉव' वेगळं, नाव तेवढं एक. ओळखायचं कसं? आतल्या पानावर प्रकाशकाचं नाव नि गाव बघा: टोरांटो आणि 'कमर्शियल साइन्स' किंवा 'बेल फीचर्स' असेल तरच आपलं. फक्त मुखपृष्ठाचं चित्र हाती असेल तर नायक तपासा. डार्ट डेअरिंग दिसला तर बेल.

यात अजून एक खोच आहे. अँग्लो-अमेरिकन कंपनीने फॉसेटच्या पटकथा विकत घेतल्या आणि कॅप्टन मार्व्हलच्या त्याच गोष्टी टोरांटोत नव्याने चितारून घेतल्या. आयातबंदी छापील पुस्तकावर होती, टंकलिखित गोष्टीवर नव्हती. त्यामुळे कॅनडाचा कॅप्टन मार्व्हल चेहऱ्याने थोडा वेगळा, पण गोष्ट हुबेहूब. बेलने बहुतेक मजकूर स्वतःचा काढला, हा दोघांतला मोठा फरक. बेलवर लेख करण्यासारखं जे आहे ते इथेच आहे.

आयर्न मॅनचं चुकून लिहिलेलं नाही. 'बेटर कॉमिक्स' क्रमांक १ मध्ये व्हर्नन मिलरचा आयर्न मॅन आहे आणि कॅनडाचा पहिला सुपरहिरो म्हणून त्याचंच नाव घेतात. चिलखतवाल्या अमेरिकन आयर्न मॅनशी (१९६३) काही संबंध नाही.

विनिमयदर

चौथ्या वाक्याकडे येऊ. अर्धं बरोबर आहे. युद्ध संपता संपता निर्बंध ढिले झाले आणि तेच दहा सेंट टाकून अमेरिकन रंगीत अंक मिळायला लागला. त्याच्या शेजारी काळ्या शाईचं पुस्तक कोण उचलणार? १९४६ मध्ये बेलच्या स्वतःच्या मालिका आटोपल्या. नेलव्हानाची शेवटची गोष्ट १९४७ च्या 'सुपर डुपर कॉमिक्स' क्रमांक ३ मध्ये आली.

पण तुमचं वाक्य जिथे थांबतं तिथे खरी गोष्ट सुरू होते. नोव्हेंबर १९४७ मध्ये डॉलर पुन्हा आटले आणि आयातीवर पुन्हा निर्बंध आले. अमेरिकन कॉमिक्स पुन्हा बंद! नियमाने बघितलं तर नेलव्हाना, जॉनी कॅनक परत यायला हवे होते. आले नाहीत. या वेळी प्रकाशकांनी अमेरिकन मजकूर परवान्याने घेऊन कॅनडातच छापला. चित्रकाराला पैसे द्यायला नकोत, गोष्ट आधीच खपलेली, वाचक तयार. बेलनेही तेच केलं.

म्हणून 'बंदी होती म्हणून कॅनडाची कॉमिक्स होती' हे पूर्ण कारण नाही. १९४१ साली बंदी होती आणि रॅक भरायला दुसरा सोपा मार्ग चटकन हाताशी नव्हता, म्हणून नवी चित्रं काढली गेली. १९४७ साली बंदी होती आणि सोपा मार्गही होता. ज्यांनी लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचलाय त्यांना हा मार्ग समजवायला नको.

१९४९ मध्ये डेव्ही फुल्टन या खासदाराच्या पुढाकाराने गुन्हेकथांच्या कॉमिक्सवर फौजदारी बंदी आली, पण तो वेगळा विषय. आठ पानांत कोंबू नका.

पुढचा धागा एका परिच्छेदात घेता येईल. १९७० च्या सुमाराला मायकेल हर्श आणि पॅट्रिक लूबर्ट यांनी बेलची जुनी चित्रं आणि हक्क मिळवले. त्यांनी क्लाइव्ह स्मिथबरोबर १९७१ मध्ये टोरांटोत ॲनिमेशन कंपनी काढली, तिचं नाव नेलव्हाना. कार्टूनच्या शेवटी ध्रुवीय अस्वल यायचं ना, तीच. १९९५ मध्ये कॅनडाच्या टपालखात्याने सुपरहिरोंची पाच तिकिटं काढली, त्यांत नेलव्हाना आणि जॉनी कॅनक दोघंही आहेत.

फर्मा_सोळा

चित्रांचं. ओटावाच्या 'लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडा'कडे बेल फीचर्सचा संग्रह आहे आणि त्यातल्या अंकांचे स्कॅन त्यांनी केलेले आहेत. आधी तिथे मागा. नेटवर फिरणाऱ्या फायली नकोत: त्या दाबून दाबून लहान केलेल्या असतात, छापल्यावर रेषेभोवती कोंडा दिसतो.

कुणाकडचा मूळ अंक स्कॅन करायची वेळ आली तर:

पानामागे काळा कार्डशीट ठेवा. हा कागद इतका पातळ आहे की मागच्या पानाची चित्रं पुढे उमटतात. मागे पांढरं असलं तर ती जास्तच दिसतात, काळ्यावर दबतात.

स्कॅन ६०० डीपीआय, ग्रेस्केल, टिफ फाइल. थेट काळं-पांढरं स्कॅन करू नका. कुठवरचं करडं काळं धरायचं हा उंबरा यंत्र स्वतःच्या मर्जीने ठरवतं आणि पिवळट डाग काळे करून ठेवतं, किंवा बारीक जाळी खाऊन टाकतं. ग्रेस्केलमध्ये घ्या, लेव्हल्सने कागद पांढऱ्याकडे न्या, जाळीच्या रेघा तुटायला लागल्या की दोन पावलं मागे या. मग १२०० ला वाढवून लाइन आर्ट करा. ६०० डीपीआयच्या ग्रेस्केलवरून ही वाढ चालते, ३०० वरून केली तर रेषेला पायऱ्या पडतात.

मुखपृष्ठाचा न्याय वेगळा. त्यात छपाईचे ठिपके आहेत. ते तसेच स्कॅन करून पुन्हा ठिपक्यांत छापले की मॉयरे (moiré), म्हणजे लाटांसारखी नको असलेली नक्षी उठते. तिथे डीस्क्रीन (ठिपके पुसणारी सोय) वापरा किंवा हलकं ब्लर करून मग आकार कमी करा. आतल्या पानांवर डीस्क्रीन चुकूनही लावू नका, जाळी पुसून जाईल.

अंक उघडताना १८० अंशांत सपाट दाबायचा नाही. ऐंशी वर्षांचा लाकडी लगद्याचा कागद आहे, आम्लाने ठिसूळ झालेला, आणि पिना गंजलेल्या. घडी पिनेपाशीच फाटते. ९० अंशांपर्यंत उघडा, वरून कॅमेऱ्याने घ्या. फाटलं तर सेलोटेप लावू नका, त्याचा गोंद तपकिरी होऊन कागदात मुरतो आणि निघत नाही.

मुद्रितशोधक

हक्कांचं काय? ८० वर्षं झाली म्हणजे मोकळं समजायचं का?

फर्मा_सोळा

नाही. भारतात लेखक-चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. डिंगल १९७४ मध्ये गेला, म्हणजे त्याच्या नावची चित्रं २०३४ संपेपर्यंत मोकळी नाहीत. कॅनडात तर २०२२ अखेर मुदत ५० वरून ७० वर्षं झाली. त्यात बेलच्या साहित्याचे हक्क विकले गेलेले आहेत, त्यामुळे मालक कोण हे त्या-त्या पात्रानुसार विचारावं लागेल. समीक्षेसाठी एखादी चौकट छापणं आणि मुखपृष्ठावर अख्खी नेलव्हाना लावणं यात फरक आहे. संपादकांचा बेत दुसरा असेल तर आत्ताच पत्र टाका, उत्तराला महिने लागतात.

उत्तररेषा

चित्रओळींत एक जपा: बेलच्या बऱ्याच अंकांवर महिना-वर्ष छापलेलं नाही. विक्रीच्या पानांवर दिसणाऱ्या तारखा पुष्कळदा अंदाजाने लावलेल्या असतात. चित्राखाली अंकाचं नाव आणि क्रमांक द्या. तारीख अंकावरच छापलेली दिसली तरच लिहा.